२८० मतांची वकील

२०२२ च्या दिवाळीत आम्ही दोघे अ‍ॅरिझोना राज्यातील चँडलर येथे मुलीकडे होतो. फराळाचे डबे तळाला लागलेले असताना एका संध्याकाळी तिने जेवणाचे टेबल पुसून टपालाने आलेली मतपत्रिका पसरली. हातभर लांबीचा, दोन्ही बाजूंनी छापलेला तो कागद पाहून मला प्रथम जमिनीचा जुना फेरफार आठवला. गव्हर्नरपासून शाळा मंडळाच्या सदस्यापर्यंत सगळे त्यावर होते, आणि न्यायाधीशांना पदावर ठेवायचे की नाही यासाठीही ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन लंबगोल चौकटी होत्या. (खंडपीठात तीस वर्षे वकिली केलेल्या माणसाला हे पाहून काय वाटले, तो स्वतंत्र विषय आहे.) काळ्या शाईच्या पेनाने चौकटी भरता भरता ती म्हणाली, “बाबा, आता अ‍ॅटर्नी जनरल. म्हणजे आपले महाधिवक्ता ना?”

मी ‘हो’ म्हणालो खरा, पण ते उत्तर चुकीचे होते.

आपल्याकडे संविधानाच्या अनुच्छेद १६५ अन्वये राज्यपाल महाधिवक्त्याची, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य वकिलाची, नियुक्ती करतात आणि त्यांची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो. व्यवहारात ही मर्जी मंत्रिमंडळाची असते, आणि सरकार बदलले की महाधिवक्ताही बदलतो, हे न्यायालयाच्या आवारातील चहावाल्यालासुद्धा ठाऊक असते. त्याचे अशील सरकार आहे, आणि अशिलाला न रुचणारे मत वकिलाने जाहीरपणे मांडले तर काय होते, हे २०१६ च्या मार्चमध्ये आपण पाहिले. महाराष्ट्राचे तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी वेगळ्या विदर्भापाठोपाठ वेगळ्या मराठवाड्याचीही भाषा केली, विधिमंडळात गदारोळ झाला आणि दोन-तीन दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांचे मत मला पटलेले नव्हते. तरीही कायद्यातला एवढा जाणता माणूस एका भाषणापायी पदावरून जातो, याची तेव्हा चुटपूट लागली होती.

अमेरिकेतील ५० पैकी ४३ राज्यांत अ‍ॅटर्नी जनरलला मतदार निवडतात. उरलेल्यांपैकी पाच राज्यांत गव्हर्नर नेमणूक करतो, मेनमध्ये विधिमंडळ गुप्त मतदानाने निवड करते आणि टेनेसीमध्ये हे काम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे आहे. लोकांनी निवडलेल्या वकिलाला गव्हर्नर काढू शकत नाही, आणि दोघे वेगवेगळ्या पक्षांचेही असू शकतात. या पदाचे लघुरूप असलेली एजी ही अक्षरे ‘अ‍ॅस्पायरिंग गव्हर्नर’साठी आहेत, म्हणजे हा गव्हर्नरपदाचा उमेदवार आहे, असा विनोद तिथे नेहमी केला जातो. अ‍ॅरिझोनात तर ही खुर्ची एकदा आपोआप चालून आली होती. त्या राज्यात तेव्हा उपगव्हर्नर हे पद नव्हते. गव्हर्नर गेला की सेक्रेटरी ऑफ स्टेट (निवडणुका आणि सरकारी दप्तर सांभाळणारा राज्याचा अधिकारी) त्याच्या जागी येई. पण १९७८ मध्ये वेस्ली बोलिन पदावर असतानाच वारले तेव्हा सेक्रेटरी ऑफ स्टेट रोझ मॉफर्ड या निवडून आलेल्या नव्हत्या, नेमलेल्या होत्या. त्यामुळे मान त्यांच्या पुढच्या क्रमांकावरील अ‍ॅटर्नी जनरल ब्रूस बॅबिट यांना मिळाला.

२०२२ च्या लढतीत रिपब्लिकन पक्षाचे एब हमादेह हे सीरियातून आलेल्या आईवडिलांचे एकतीस वर्षांचे चिरंजीव होते. त्यांनी सरकारी अभियोक्ता म्हणून काम केले होते आणि डोनाल्ड ट्रम्प यांचा त्यांना पाठिंबा होता. डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्रिस मेझ पूर्वी पत्रकार होत्या, नंतर वीज आणि पाणीपुरवठा कंपन्यांचे दर ठरवणाऱ्या राज्य आयोगावर होत्या, आणि हे सारे त्यांनी रिपब्लिकन असताना केले होते. पक्ष त्यांनी २०१९ मध्ये बदलला. पक्षांतराची आपल्याला इतकी सवय आहे की यात मला काही वावगे वाटले नाही, पण मुलीच्या शेजाऱ्यांना वाटत होते.

मतदान ८ नोव्हेंबरला झाले आणि मोजणी दिवसेंदिवस चालू राहिली, कारण टपालाने आलेल्या प्रत्येक लिफाफ्यावरील सही नोंदीतील सहीशी ताडून पाहावी लागते. सुमारे २५ लाख मतांची मोजणी संपली तेव्हा मेझ ५११ मतांनी पुढे होत्या. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर आपोआप फेरमोजणी होते. ती झाली आणि निकाल न्यायालयात सीलबंद राहिला. २९ डिसेंबरला न्यायाधीशांनी तो जाहीर केला तेव्हा मेझ यांना १२,५४,८०९ आणि हमादेह यांना १२,५४,५२९ मते पडली होती. ५११ चे २८० झाले, याचे मुख्य कारण पिनल काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) पहिल्या मोजणीत माणसांच्या चुकीने सुमारे ५०० मते धरायची राहून गेली होती. निकालाला आव्हान देणारा हमादेह यांचा दावा आठवडाभर आधीच एका न्यायालयाने फेटाळला होता. फेरमोजणीतील हा फरक पाहून त्यांनी तो पुन्हा उकरला, आणि ते प्रकरण पुढे बराच काळ रेंगाळले. वकील म्हणून सांगतो, त्यांच्या जागी मीही अर्ज केला असता. दोन वर्षांनी मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले तेव्हा आपल्याकडेही असाच धुरळा उडाला होता. अ‍ॅरिझोनाचा आकडा मात्र संपूर्ण राज्याचा होता. १४१ जणांनी दुसरी चौकट भरली असती तर निकाल फिरला असता.

त्या १४१ जणांच्या हातात काय होते, हे नंतर दिसले. अ‍ॅरिझोनाला राज्याचा दर्जा १९१२ मध्ये मिळाला, पण गर्भपातावर जवळजवळ सरसकट बंदी घालणारा त्याचा कायदा १८६४ चा होता. २०२२ मध्ये तो पुन्हा लागू व्हावा म्हणून मावळते अ‍ॅटर्नी जनरल मार्क ब्रनोविच न्यायालयात गेले होते. त्याच कार्यालयात आलेल्या मेझ यांनी त्या कायद्याचा बचाव करण्यास नकार दिला. ९ एप्रिल २०२४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा अंमलात आणण्याजोगा ठरवला, तेव्हा आपण पदावर असेपर्यंत एकाही डॉक्टरवर किंवा स्त्रीवर खटला भरणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. पुढच्याच महिन्यात विधिमंडळाचे तो कायदा रद्द करणारे विधेयक गव्हर्नरांच्या सहीने मंजूर झाले. परिणामाने माझे समाधान झाले, पद्धतीने झाले नाही. कायदा पुस्तकात असताना तो चालवायचा की नाही हे सरकारी वकील ठरवत असेल, तर उद्या दुसऱ्या विचारांचा वकील दुसराच कायदा बाजूला ठेवील, आणि तेव्हा त्याला कोणत्या तोंडाने विचारायचे?

माझी ही तक्रार थोडी सौम्य झाली ती लसूणघासामुळे. आमच्या गावाकडे दुभत्या जनावरांसाठी बांधालगतचे चार वाफे लसूणघासाचे असतात आणि पाण्याची तंगी आली की पहिली कुऱ्हाड त्यावरच पडते. अ‍ॅरिझोनाच्या ला पाझ काउंटीच्या वाळवंटात एका सौदी दुग्धव्यवसाय समूहाच्या फोंडोमॉन्टे या कंपनीने २०१४ मध्ये जवळजवळ १०,००० एकर जमीन घेऊन तेच पीक घेतले. त्याच्या वाळलेल्या गठ्ठ्यांची निर्यात सौदी अरेबियाच्या गोठ्यांसाठी होते, कारण त्या देशाने स्वतःच्या जमिनीतील पाणी वाचवण्यासाठी हिरव्या चाऱ्याची लागवड आवरती घेतली. राज्याचा १९८० चा भूजल कायदा मुख्यतः शहरांच्या आसपासच्या ठरावीक क्षेत्रांना लागू होतो. या भागात जो खोल बोअर मारील त्याचे पाणी, असा कारभार होता. आसपासच्या लोकांचे बोअर आटत गेले.

मेझ तिथे गेल्या आणि गावसभेत बसून त्यांनी लोकांच्या बोअरच्या कहाण्या ऐकल्या. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी कंपनीवर सार्वजनिक उपद्रवाचा दावा ठोकला. उपसा बेकायदा नाही म्हणून त्यातून होणारे नुकसान उपद्रवाच्या कलमात बसवायचे, ही युक्ती मला वकील म्हणून फार आवडली. दावा टिकेल की नाही याबद्दल मी पैज लावणार नाही. पण महाधिवक्ता गावच्या सभेत बसून आटलेल्या बोअरची खोली विचारतो आहे, असे दृश्य आमच्या मराठवाड्यात मी कधी पाहिलेले नाही. तशी अपेक्षाही आम्ही कधी केली नाही, कारण तो आमचा वकील नव्हताच. पाण्याच्या याचिकांत आम्ही या बाजूला उभे आणि तो समोरच्या.

निकालाच्या रात्री मुलीचा फोन आला तेव्हा आम्ही परत येऊन थंडीचे कपडे कपाटात ठेवत होतो. “दोनशे ऐंशी, बाबा,” एवढेच ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने ती चौकट हाताने झाकून भरली होती आणि लिफाफा चिकटवून मागच्या बाजूला, रेषेबाहेर जाणार नाही इतक्या जपून, सही केली होती. कोणाला मत दिलेस, हे मी तेव्हाही विचारले नव्हते आणि फोनवरही विचारले नाही.