बाटली संपेपर्यंत थांबावे

घर नैसर्गिक आणि विषमुक्त करायचे एकदा मनात आले, की पहिला उत्साह येतो तो कपाटे रिकामी करण्याचा. ओट्याखालच्या साऱ्या बाटल्या, नॉनस्टिकची भांडी, प्लॅस्टिकचे डबे एका दिवसात घराबाहेर काढावेत आणि त्यांच्या जागी काच, लाकूड आणि सुती कापड आणावे, असे वाटू लागते. ही घाई मला पर्यावरणाच्या दृष्टीनेही पटत नाही आणि आरोग्याच्या दृष्टीनेही. एखादी वस्तू तयार होताना जे पाणी, इंधन आणि कच्चा माल खर्ची पडायचा तो पडून गेलेला असतो. ती अर्ध्यावर टाकून दिल्याने त्यातले काहीच परत मिळत नाही, उलट तिच्या जागी येणाऱ्या वस्तूचा खर्च वर चढतो. अर्धी भरलेली बाटली मोरीत ओतली, तर नको असलेले रसायन आपणच एका दमात सांडपाण्यात सोडलेले असते. म्हणून आमच्या घरी या बदलाचा वेग आम्ही बाटल्यांवरच सोपवला आहे. जी संपेल तिच्या जागी काय आणायचे, किंवा काही आणायचेच का, एवढाच प्रश्न त्या वेळी हाती घ्यायचा.

या नियमाला अपवाद अर्थातच आहेत. डांबरगोळ्या संपण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण त्या संपतात म्हणजे हवेत मिसळून आपल्या श्वासात जातात. त्यांतले नॅप्थलीन घन अवस्थेतून थेट वायुरूप होते, आणि ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटू शकतात. तान्ह्या बाळाची दुपटी या गोळ्यांत ठेवून तशीच वापरायला काढणे म्हणूनच धोक्याचे आहे. लेबल पुसले गेलेली बाटली, जुने कीटकनाशक, आत काय आहे ते कोणालाच आठवत नाही असा डबा, हेही लगेच बाजूला काढावे आणि घातक कचरा वेगळा घेणारी जी व्यवस्था असेल तिच्याकडे सोपवावे.

बाकीच्यांना संपू द्यावे. त्यांतल्या कित्येकांची जागा रिकामीच राहिली तरी काही अडत नाही. रूम फ्रेशनर संपला, तेव्हा आम्ही दुसरा आणला नाही. कपडे मऊ करणारे द्रव्य संपले आणि टॉवेल उलट अधिक पाणी टिपू लागले, कारण ते द्रव्य धाग्यांवर तेलकट थर चढवते. जंतुनाशक म्हणून मिळणारा हात धुण्याचा साबणही असाच गेला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ घटक अशा साबणांत वापरायला मनाई केली, ती याच कारणासाठी की साध्या साबण-पाण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडतात हे उत्पादकांना दाखवता आले नव्हते.

सुगंधाबद्दल मात्र थोडे थांबून लिहायला हवे. कोणतीही बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचली, तर बाकीच्या घटकांची लांबलचक नावे असतात आणि शेवटाकडे ‘सुगंध’ एवढा एकच शब्द असतो. त्या एका शब्दामागे डझनावारी रसायने असू शकतात, आणि व्यापारी गुपित म्हणून ती उघड करावी लागत नाहीत. वास लवकर उडून जाऊ नये म्हणून त्यात डायएथिल थॅलेटसारखे द्रव्यही घातले जाते. युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत नावानिशी छापावे लागणाऱ्या सुगंधी ॲलर्जीकारकांची यादी २०२३ साली वाढवून सुमारे ८० वर नेली. मुळात ती २६ होती. वासाने ज्यांचे डोके दुखते किंवा दमा उफाळतो, त्यांना ही यादी बघण्याचीही गरज पडत नाही. मला विचाराल तर घरातली एकच गोष्ट बदलायची झाली तर ती हीच असावी: जे जे सुगंधी आहे, त्याच्याऐवजी बिनवासाचे घ्यावे. यात नवा खर्च नाही आणि वस्तूही घटतात. काही दिवसांनी नाक इतके निवळते, की पाहुण्यांच्या कपड्यांचा डिटर्जंट दारातच ओळखू येतो.

याच ठिकाणी ‘नैसर्गिक’ हा शब्द हळूच आत शिरतो आणि गोंधळ करतो. संत्र्याच्या सालीतून काढलेले लिमोनीन पूर्णपणे वनस्पतिजन्य आहे, पण ते हवेतल्या ओझोनशी संयोग पावले की त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. टी ट्री तेल मांजरांना विषारी ठरते. खनिजातून मिळणारा बोरॅक्स घरगुती सफाईच्या अनेक कृतींत सर्रास सुचवला जातो, आणि युरोपात तोच प्रजननक्षमतेला अपाय करणारा पदार्थ म्हणून वर्गीकृत आहे. तेव्हा वेष्टनावरचे हिरवे पान पाहून भारावून जाण्याआधी घटकांची यादी किती लहान आहे ते पाहावे. यादी जितकी आखूड, तितके तपासायला सोपे, एवढा साधा ठोकताळा मी धरून चालते.

घरगुती सफाईच्या कृतींत सर्वांत लोकप्रिय असते ती व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करण्याची. फसफसून फेस येतो आणि काहीतरी जोरदार घडत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून टाकतात आणि उरते ते सोडियम ॲसिटेटचे पातळ द्रावण, ज्याची सफाईची ताकद पाण्याहून फारशी वेगळी नसते. मोरीच्या तोंडाशी अडकलेला कचरा त्या फेसाने थोडा हलेल, पण तेवढेच. दोन्ही पदार्थ वेगवेगळे वापरले तरच कामाचे आहेत. सोडा किंचित खरखरीत असतो, त्यामुळे करपलेल्या बुडावर ओलसर लेप देऊन घासायला तो चांगला. तेलकट, चिकट थराला धुण्याचा सोडा अधिक लागू पडतो, कारण तो बऱ्याच जास्त प्रमाणात अल्कधर्मी आहे. मात्र हातमोजे घालावेत आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना तो लावू नये, ती काळी पडतात.

आम्लाचे काम क्षार काढण्याचे. पाणी गरम करण्याच्या किटलीच्या तळाशी साचलेला पांढरा, खडबडीत थर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड टाकून ते उकळीजवळ आणले, की तळातून बारीक बुडबुड्यांच्या माळा सुटू लागतात, थराच्या कडा आधी सैल होतात, मग त्याचे पापुद्रे निघून पाण्यात गिरक्या घेतात, आणि थोड्या वेळाने खालचा धातू स्वच्छ दिसतो. घासावे लागत नाही, वास येत नाही आणि उरलेले पाणी मोरीत निःशंकपणे ओतता येते. नेमके हेच आम्ल संगमरवरी ओट्यावर सांडले तर मात्र दगडाची चकाकी कायमची जाते, कारण संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच आहे.

ब्लीचची बाटली आम्ही ठेवली आहे. घरात उलट्या-जुलाबांची साथ आली, तर न्हाणीघर निर्जंतुक करायला व्हिनेगर पुरे पडत नाही, आणि अशा वेळी निसर्गाचा आग्रह धरणे हा हट्टीपणा झाला. अट एकच, ब्लीच दुसऱ्या कशातही मिसळायचे नाही. आम्लाबरोबर त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि अमोनियाबरोबर क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसांना इजा करतात. नव्या उत्साहात ‘नैसर्गिक’ व्हिनेगर जुन्या ब्लीचच्या बादलीत पडण्याचा धोका खरा आहे, म्हणून दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या खणांत असाव्यात.

भांड्यांचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. नॉनस्टिकचा लेप, म्हणजे पीटीएफई, सुमारे २६० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. त्याच्या पुढे तो विघटित होऊ लागतो आणि त्याच्या वाफांनी पिंजऱ्यातले पक्षी मरतात हे पुष्कळदा नोंदले गेले आहे. रिकामे भांडे मोठ्या आचेवर विसरले तर हे तापमान काही मिनिटांत गाठले जाते. लेप तयार करताना पूर्वी वापरले जाणारे पीएफओए हे खरे चिंतेचे रसायन. ते २०१९ मध्ये, निसर्गात दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रदूषकांना आवर घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत आले आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. लेप शाबूत असलेला तवा मंद आचेवर वापरत राहायला माझी हरकत नाही. तो खरवडला गेला, की त्याच्या जागी बिडाचा किंवा स्टीलचा घ्यावा. बिडाच्या भांड्याला येणारा गुळगुळीत काळा थर म्हणजे तापून साखळीबद्ध झालेले तेलच असते. तो बसायला वेळ लागतो आणि आंबट पदार्थ शिजवला की उतरतो, हे आधीच ठाऊक असले म्हणजे निराशा होत नाही.

प्लॅस्टिकचे डबे फेकण्याऐवजी त्यांना दुसरे काम द्यावे. कोरडा, थंड पदार्थ त्यात राहिला तर फारसे काही बिघडत नाही. उष्णता आणि तेल एकत्र आले की प्लॅस्टिकमधली द्रव्ये अन्नात उतरण्याचे प्रमाण वाढते. गरम पदार्थ काचेत किंवा स्टीलमध्ये आणि स्क्रू, सुया, बटणे प्लॅस्टिकमध्ये, अशी वाटणी केली की खरेदी जवळपास लागतच नाही. ‘बीपीए नाही’, म्हणजे काही प्लॅस्टिकमध्ये असणारे बिस्फेनॉल-ए यात नाही, या छापाने मी फार हरखत नाही, कारण त्या जागी अनेकदा बीपीएस हे त्याचेच भावंड आलेले असते.

पर्यावरणपूरक आणि विषमुक्त हे दोन हेतू एकच असल्यासारखे बोलले जातात, पण ते अधूनमधून एकमेकांना छेद देतात. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ साली पिशव्यांचा हिशेब मांडला. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधायला साधी सुती पिशवी केवळ हवामानावरील परिणाम धरला तरी किमान ५२ वेळा, आणि सगळे पर्यावरणीय निकष धरले तर ७,१०० वेळा वापरावी लागते, असा त्याचा निष्कर्ष होता. उघड्यावर पडून राहणाऱ्या प्लॅस्टिकचा उपद्रव त्या हिशेबात धरलेला नव्हता, हे खरे. तरीही खुंटीवर लटकणाऱ्या कोऱ्या सुती पिशव्यांकडे मी तेव्हापासून जरा वेगळ्या नजरेने पाहते. आहे तीच पिशवी, मग ती कसलीही असो, फाटेपर्यंत वापरणे हे नव्या पिशवीपेक्षा सरस ठरते.

फर्निचरच्या बाबतीत तर जुने ते सोने हे रसायनशास्त्रानेच सिद्ध केले आहे. पार्टिकल बोर्डमध्ये भुसा चिकटवायला सहसा युरिया-फॉर्मल्डिहाइड वापरतात, आणि फॉर्मल्डिहाइडला २००४ सालीच कर्करोगकारक म्हणून मान्यता मिळाली. ते सुरुवातीच्या महिन्यांत सर्वाधिक सुटते, उष्ण आणि दमट हवेत वाढते आणि काळाबरोबर घटत जाते. म्हणजे जुने कपाट टाकून नवे आणले, तर बराचसा वायू सोडून झालेल्या वस्तूच्या बदल्यात ताजा स्रोत घरात येतो. ज्या कपाटाच्या आतल्या कडा उघड्या आहेत त्यांवर लॅकर मारून त्या बंद करणे हा पुष्कळ स्वस्त उपाय आहे.

हवा शुद्ध करण्यासाठी कुंड्या आणण्याचा सल्ला सर्वांनाच आवडतो. त्याचे मूळ नासाच्या १९८९ सालच्या एका प्रयोगात आहे, पण तो प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांत केला होता. २०१९ मधल्या एका आढाव्यात असे दाखवले गेले, की खिडक्या-दारांच्या फटींतून जेवढी हवा आपोआप खेळते तेवढे काम करायला जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील. झाडे ठेवावीत ती आवडतात म्हणून. हवेसाठी समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडाव्यात आणि शेगडी पेटली की चिमणी किंवा पंखा चालू करावा, कारण गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. धूळ ओल्या फडक्याने टिपावी. प्लॅस्टिक लवचीक करणारी थॅलेट आणि आग रोखणारी रसायने घरातल्या धुळीतच साचतात आणि रांगणारे मूल ती हातावाटे तोंडात नेते. चपला दाराबाहेर काढण्याने या धुळीचा एक मोठा हप्ता आत येतच नाही.

आता आमच्याकडे भिंतींच्या रंगाची पाळी आहे. बाष्पनशील, म्हणजे हवेत उडून जाणारी, द्रव्ये कमी असलेला रंग घ्यायचे ठरले आहे, पण डब्यावरचा आकडा बहुधा पांढऱ्या मूळ रंगाचा असतो आणि गडद छटेसाठी मिसळली जाणारी रंगद्रव्ये तो वाढवू शकतात, म्हणून फिकट छटा निवडली आहे. त्याआधी जुने थर खरवडावे लागतील, आणि घर जुने असल्यामुळे त्यांत शिसे असण्याची शक्यता नाकारता येत नाही. शिशाचे निर्धोक प्रमाण असे काही ठाऊकच नाही, आणि कोरडा पॉलिशपेपर मारला तर त्याची धूळ घरभर पसरेल. तेव्हा आधी एका कोपऱ्यातला पापुद्रा तपासणीला जाईल, आणि अहवाल येईपर्यंत भिंतींना कोणी हात लावणार नाही.