ताप नव्हता

आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचं विसर्जन सोमवारी झालं आणि बुधवारी सकाळी आशाताईचा फोन आला, "सिस्टर, पाराजवळच्या घरात तीन जण पडलेत."

चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या या उपकेंद्रात मी अठरा वर्षं आरोग्यसेविका आहे. कानबाईनंतर ताप येणार हे मला पाठ झालंय. निम्मं गाव सुरतला उधना-लिंबायतमध्ये राहतं. कानबाई बसते त्या श्रावणातल्या रविवारी सगळी भाऊबंदकी रेल्वेने अमळनेरपर्यंत आणि तिथून मिळेल त्या गाडीने घरी येते. देवीच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच करायचे नि खायचे, त्यामुळे अंगात कणकण असली तरी कुणी मागे राहत नाही. लोकांना वाटतं फ्लू थंडीतला. आपल्याकडे तो वर्षातून दोनदा डोकं वर काढतो, एकदा जानेवारी ते मार्च आणि दुसऱ्यांदा पावसाळ्यात. म्हणजे ऐन कानबाईत.

घरात गेले तर सगळं लक्ष पुतण्याकडे. बावीस वर्षांचा धडधाकट पोरगा, शनिवारी गाडीतच फणफणला होता. गावातल्या एका खाजगी डॉक्टरने खिडकीच्या गजाला बाटली टांगून सलाईन लावलेलं, दोन दिवसांत दोन. त्याला १०३ ताप येऊन गेलेला, म्हणून तो घरातला सगळ्यात मोठा पेशंट. माझ्या हिशेबाने तो सगळ्यात कमी काळजीचा होता. पाणी, आराम, पॅरासिटामॉल एवढ्यावर उठला असता, आणि उठलाही.

मी सुनेला शोधत होते. चुलीजवळ बसली होती, तोंडाला पदर लावून खोकत. सातवा महिना. नवरा सुरतला लूमवर, तीही तिकडेच होती. कानबाईला सासरी आलेली, पुढच्या आठवड्यात बाळंतपणाला माहेरी जायची. त्यामुळे ती माझ्या रजिस्टरला नव्हती आणि माहेरच्या सिस्टरच्याही नव्हती. गरोदर मातांना फ्लूची लस आपल्या राज्यात २०१५ पासून मोफत देतात. तिला कुणी विचारलंच नव्हतं, कारण विचारायला ती कुठल्याच यादीत नव्हती. कामासाठी राज्याची हद्द ओलांडणाऱ्या बायकांचं हे असं होतं, दरवर्षी होतं, आणि दर मासिक बैठकीत मी ते बोलते.

"कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून. पण मंग रांधी कोन?"

श्वास मोजायची माझी एक रीत आहे. नाडी बघतेय असं दाखवून मनगट धरायचं आणि नजर पोटावर ठेवायची, पूर्ण एक मिनिट. श्वास मोजतोय असं सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणाऱ्या पोरी मला चालत नाहीत. तिचे बावीस भरले. कोरोनात मिळालेला ऑक्सिमीटर लावला, ९६. ताप १०१. आकडे घाबरवणारे नव्हते. पण सातव्या महिन्यात पोटाने छातीखालचा श्वासाचा पडदा वर ढकललेला असतो, फुप्फुसाला जागा कमी, हृदयावर काम जास्त, शरीराची लढायची पद्धतही बदललेली. अशी बाई सकाळी बोलत असते आणि रात्री तिला ऑक्सिजन लागतो. २००९ च्या साथीत गरोदर बायका किती झपाट्याने खालावल्या, ते त्या वर्षी काम केलेली कुठलीही नर्स विसरणार नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. आमचे डॉक्टर तरुण आहेत, पण अशा वेळी रिपोर्टची वाट बघा म्हणणारे नाहीत. सरकारी सूचनाही तशाच आहेत. रुग्णांचे अ, ब, क गट करायचे, आणि गरोदर बाई, लहान मूल, पासष्टीच्या पुढचे, मधुमेह, दमा, हृदय, किडनी किंवा रक्ताचा आजार असणारे, यांना फ्लूची लक्षणं दिसली की स्वॅबसाठी न थांबता ऑसेलटामिविर हे फ्लूवरचं औषध सुरू करायचं. गोळीचा खरा फायदा पहिल्या ४८ तासांत. सुनेचे अजून चोवीसही झाले नव्हते. दिराला मोटारसायकलवर पिटाळलं. ७५ मिलिग्रॅमच्या दहा कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. मळमळ होते म्हणून जेवणानंतर घ्यायला सांगितलं. तापाने पडलेल्या चार वर्षांच्या नातीला वजनाप्रमाणे ३० ची, कॅप्सूल उघडून गुळाच्या पाण्यात. दुपारी एकला दोघींचे पहिले डोस माझ्यासमोर पोटात गेले. चूल सासूबाईंनी हातात घेतली. त्या घरात एवढं घडवणंही सोपं नव्हतं, आणि मला त्याचं समाधान होतं.

मग फॉर्म काढला. तापाच्या सर्वेक्षणाचा नमुना वर्षानुवर्षं तोच: नाव, वय, ताप कधीपासून, रक्तनमुना घेतला का. मलेरियासाठी बनवलेला कागद, साथ कुठलीही असो तोच भरायचा. ज्याला ताप नाही त्याचं नावच त्यावर येत नाही. मी उठता उठता विचारलं, "अजून कोनले ताप शे का?"

"नही. माय ते बठेल शे."

आजी ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. बहात्तर वर्षांच्या. एरवी मी फाटकात दिसले की "वं पोरी, चहा पी" म्हणून ओरडणाऱ्या. त्या दिवशी नुसतं बघितलं. मी हात लावला, अंग गार. वाटलं, कानबाईचा शीण, रात्रभर जागरण झालंय. तीन तापांची नावं लिहिली आणि पुढच्या घरी गेले.

आजींना पंधरा वर्षांची शुगर. दर महिन्याच्या गोळ्या माझ्याच हातून जातात, त्यांचं कार्ड माझ्याच पेटीत आहे. ऑक्सिमीटर माझ्या खिशात होता.

म्हाताऱ्या माणसाला फ्लू झाला तरी ताप येईलच असं नसतं. शरीरात तेवढी आग पेटवायची ताकदच उरलेली नसते. जेवण सुटतं, बोलणं कमी होतं, माणूस चालता चालता पडतो, शुगर अचानक चढते. हे मला माहीत होतं. ट्रेनिंगमध्ये मीच आशांना शिकवलंय.

गुरुवारी त्यांनी भाकरी ढकलून दिली. घरच्यांनी अशक्तपणा म्हणून त्याच डॉक्टरकडे नेलं. त्याने ग्लुकोजचं सलाईन लावलं आणि एक सुई टोचली. शुगरच्या बाईला ग्लुकोज, तेही बोटातलं थेंबभर रक्त न तपासता. मी त्याच्यावर फार चिडले. अजून चिडते. पण तो बघायच्या एक दिवस आधी मी बघून गेले होते.

शुक्रवारी सकाळी आजी असंबद्ध बोलायला लागल्या, वारलेल्या नवऱ्याला हाका मारायला लागल्या. मी पोहोचले तेव्हा शुगर ३८०, ऑक्सिजन ८६, श्वास मिनिटाला चौतीस. ताप ९९. १०८ आली, तालुक्याला ऑक्सिजन लावून तसंच जळगावला हलवलं. दोन्ही बाजूंचा न्यूमोनिया. घशाचा स्वॅब फ्लूचा निघाला. औषध तिथे सुरू झालं. इतक्या उशिरानेही ते देतात, कारण उपयोग कमी झाला तरी संपत नाही. पण बुधवारी दुपारी एकला, सुनेबरोबर, त्याच मोटारसायकलवरून आणखी दहा कॅप्सूल आल्या असत्या.

सून पाचव्या दिवशी बरी झाली. पुढे माहेरी बाळंत झाली, मुलगी, वजन दोन किलो आठशे. तिच्या माहेरच्या सिस्टरला मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही, म्हणून घरातल्या खोकणाऱ्याने जवळ जायचं नाही, हेही.

आजी अकराव्या दिवशी घरी आल्या. वाचल्या. पण गेल्या त्या आजी आल्या नाहीत. श्रावणात रोटाचे गहू स्वतः निवडणारी बाई आता खाटेवरून उठायला दोन माणसं मागते.

बैठकीत मी म्हटलं की फॉर्मवर एक रकाना वाढवा, घरात म्हातारं, गरोदर, शुगर-दम्याचं कोण आहे आणि ते जेवतंय का. वरिष्ठ म्हणाले, नमुना वरून येतो. तो वरूनच येतो, हे खरं आहे. मी वहीच्या समासात लिहायला लागले आहे.

परवा गोळ्या द्यायला गेले. आजींचा मुलगा ओट्यावर बसला होता. मी काही बोलायच्या आतच म्हणाला, "तुम्ही इचारं तवय ताप नव्हताच ना, ताई." दोष देत नव्हता, माझीच समजूत काढत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

आत जाऊन आजींच्या खाटेवर बसले. मनगट हातात घेतलं, नजर पोटावर ठेवली आणि पूर्ण एक मिनिट मोजलं. अठरा.