न दिसलेली आठी

गेली ११ वर्षं मी बालवाडीत शिकवते. यंदा वर्गात चार वर्षांचा एक मुलगा आहे, त्याला दिसत नाही. परवा मी एका पालकांशी बोलत असताना तो हातात ठोकळा घेऊन आला आणि माझी ओढणी धरून विचारू लागला, "बाई, हा कुठला?" दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. माझ्या कपाळाला आठी पडली आणि मी तोंड फिरवलं. त्याला ते दिसलं नाही. तो तसाच हसत उभा राहिला, बोटांनी ठोकळ्याच्या कडा चाचपत.

संध्याकाळच्या नमाजात कुराणातली ८०वी सूरा, म्हणजे ८०वा अध्याय, ओठांवर आली. 'अबस व तवल्ला'. म्हणजे, त्यानं आठी घातली आणि तोंड फिरवलं. लहानपणापासून पाठ असलेल्या त्या शब्दांवर मी अडखळले.

बहुतेक भाष्यकार सांगतात तो प्रसंग मक्केतला. पैगंबर साहेब कुरैश या मक्केतल्या टोळीच्या बड्या सरदारांशी बोलत होते, तेवढ्यात अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम हे अंध गृहस्थ शिकण्याच्या ओढीनं आले आणि मध्येच विचारू लागले. आठी त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. तरीही अल्लाहनं त्याबद्दल कानउघाडणी केली, आणि ती आजही नमाजात वाचली जाते. समोरच्याला कळलं की नाही, दुखावला की नाही, हा प्रश्नच तिथे नाही. तोंड कोणाकडून कोणाकडे वळलं, एवढंच विचारलंय.

प्रशिक्षणांत समावेशनाबद्दल, म्हणजे अशा मुलांना सगळ्यांसोबत शिकवण्याबद्दल, मी पुष्कळ ऐकलंय. बहुतेक वेळा ते मुलाचं नाव हजेरीपटावर घेण्यापाशीच थांबतं. इस्लामी विचारवंत इमाम गझाली (१०५८–११११) मूल ही आई-वडिलांच्या हाती दिलेली अमानत, म्हणजे जपायची ठेव, मानतात. धडे झाल्यावर त्याला खेळू द्या, सतत शिकवत राहिलात तर त्याचं मन मरून जाईल, असंही ते बजावतात. आणि मी? इतर मुलं खेळायला गेली की याला बसवून वेगळा सराव घ्यायचे. त्याच्या भल्यासाठीच, असं मला वाटायचं. ते मी बंद केलं.

पुढे मदिनेत याच इब्न उम्म मक्तूमांकडे पहाटेच्या अजानचं काम आलं. पहाट न दिसणाऱ्या माणसाकडे! रमजानमध्ये अजान देणारे दुसरे, हजरत बिलाल, यांची अजान रात्र असतानाच व्हायची. खाणं-पिणं थांबायचं ते इब्न उम्म मक्तूमांच्या अजानवर. "उजाडलं, उजाडलं" असं लोक त्यांना सांगायचे, मग ते अजान द्यायचे. हे मला फार मोलाचं वाटतं. काम सोपं करून दिलं नाही, दुसऱ्या कुणाला दिलं नाही. जेवढं अडत होतं, तेवढं शेजाऱ्यांनी पुरवलं.

सोमवारपासून डब्याच्या सुट्टीची घंटा तो वाजवतो. घड्याळाकडे लक्ष ठेवायचं काम त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीचं. मोठा काटा खुणेच्या लाल टिकलीवर आला की ती त्याच्या कानाशी जाते.

"झाली वेळ, झाली वेळ."

तो उठतो, भिंतीला हात लावत सात पावलं जातो आणि दोरी ओढतो.