ब्रेथ ऑफ द वाइल्ड, पावसाळी नोंद: ओला कातळ, इव्हनटाइड बेट आणि तलवारीची परीक्षा

निन्टेन्डो स्विचवरच्या या व्हिडिओ गेमची सध्याची स्थिती: 48 श्राइन (कोड्यांची छोटी मंदिरं), तीन डिव्हाइन बीस्ट (प्राण्यांच्या आकाराची अजस्र यंत्रं), 13 हार्ट (जीव), स्टॅमिनाची (दमाची) दोन चाकं. चौथं बीस्ट नाबोरिस बाकी आहे. हिशेब जुळवून बघणाऱ्यांसाठी: 48 श्राइनचे बक्षीस म्हणून 48 ऑर्ब, चार ऑर्बला एक या दराने हार्ट किंवा स्टॅमिना वाढवणारी 12 भांडी. त्यातली सात हार्टला आणि पाच स्टॅमिनाला दिली. सुरुवातीचे तीन हार्ट आणि तीन बीस्टचे तीन धरले की 13 होतात. 13 चा आकडा मुद्दाम गाठला, कारण कोरोक फॉरेस्टमधली मास्टर सोर्ड उपसायला तेवढे खरे हार्ट लागतात. खाऊन मिळालेले पिवळे हार्ट तिथे धरत नाहीत. दोन-तीन हार्ट कमी पडत असतील तर हाटेनो गावातल्या शिंगवाल्या पुतळ्याकडे जावं. तो स्टॅमिनाचं भांडं 100 रुपीला (रुपी म्हणजे खेळातलं चलन) घेतो आणि 120 रुपीला हार्ट देतो. तलवार हातात आली की त्याच वाटेने उलटा व्यवहार करता येतो. एका भांड्यामागे 20 रुपी जातात, ते सोसावेत.

ही नोंद रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या खेळाडूंसाठी आहे. जून ते सप्टेंबर घराबाहेर पडणं मुश्कील, म्हणून खेळ याच दिवसांत सर्वांत पुढे सरकतो. यंदाचा भर तीन गोष्टींवर होता: फॅरॉन या जंगली भागातला पाऊस, इव्हनटाइड बेट आणि ट्रायल ऑफ द स्वोर्ड (मास्टर सोर्डची परीक्षा). तिन्हींमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पटली. या खेळातली अवघड जागा आत शिरण्याआधीच निम्मी सुटलेली असते. कुठल्या हवामानात निघालो, पोटात काय आहे आणि हातात काय नाही, यावर बाकीचं ठरतं.

आधी पाऊस. खेळातलं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, त्यामुळे अख्खा दिवस 24 मिनिटांत संपतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पुढच्या हवामानाची छोटी चिन्हं दिसतात. चढाई सुरू करण्याआधी ती वाचायचीच. प्रो हड (पडद्यावरची चिन्हं लपवणारी मांडणी) लावून खेळणाऱ्यांना ती दिसत नाहीत, त्यांनी निदान फॅरॉनमध्ये तरी साधा पडदा ठेवावा. ओल्या खडकावर लिंक (खेळातला नायक) चार पकडी नीट घेतो आणि पाचव्याला घसरतो. म्हणून चार पकडी झाल्या की उडी मारायची. उडीला स्टॅमिना जास्त लागतो, पण घसरून गेलेली उंची वाचते. एका चाकावर हा प्रकार फार पुरत नाही. दोन चाकांवर मध्यम उंचीचा कडा जमतो, तोही मधे उभं राहायला एखादी पायरी असेल तरच. उभी भिंत असेल तर हट्ट सोडावा आणि उघाडीची वाट बघावी.

वाट बघण्याचीही रीत आहे. लाकडाची एक मोळी, एक गारगोटी आणि धातूचं कुठलंही हत्यार घ्यावं. वर खडकाचं छत असलेली जागा शोधायची, मोळीजवळ गारगोटी टाकायची आणि हत्याराने गारगोटीवर मारायचं. जाळ झाला की शेजारी बसून सकाळ, दुपार किंवा रात्र निवडता येते. उघड्यावर पावसात जाळ धरत नाही, आणि बरेच जण इथेच अडकतात. छताची कड पुरेशी आत नसेल तर तिरप्या सरीने जाळ विझतो. चूचू या शत्रूकडून मिळणाऱ्या लाल चूचू जेलीनेही आग लागते, म्हणून चार-पाच जेल्या कायम जवळ असाव्यात. पावसात फायर ॲरो विझतात आणि बॉम्ब ॲरोचा स्फोट होत नाही, तो साध्या बाणासारखाच लागतो. शॉक ॲरो मात्र ओल्या जमिनीवर जास्त लांब पसरतो. फॅरॉनमध्ये भात्यात तेच भरावेत.

विजेचा नियम सोपा आहे, तरी सर्वांत जास्त जीव त्याच्यामुळेच जातात. गडगडाट सुरू झाला आणि अंगावरच्या धातूतून ठिणग्या उडायला लागल्या की मेनू उघडून तलवार, ढाल आणि धनुष्य उतरवायचं. नुसतं म्यान केलेलं चालत नाही. लाकडी धनुष्य, लाकडी ढाल आणि एखादी लाकडी गदा असा एक ‘कोरडा संच’ वेगळा ठेवावा. ठिणग्या उडत असतानाच ती धातूची तलवार शत्रूच्या छावणीत फेकली तर वीज तिथे पडते. वेळ साधली तर एका तलवारीत सगळी छावणी आटोपते.

धातू आणि विजेचं हेच नातं श्राइनमध्येही चालतं. विजेची वाट पुरी करायची आहे आणि खेळाने दिलेला धातूचा ठोकळा हवा तिथे पोचत नाही, अशा वेळी आपल्या झोळीतल्या धातूच्या तलवारी जमिनीवर ओळीने टाकाव्यात. त्यांतून प्रवाह जातो. कोड्याचं ‘खरं’ उत्तर सापडलं नाही म्हणून हिरमुसायचं कारण नाही. वस्तूचे गुण ओळखले हेच उत्तर. हाटेनोचं म्याम आगाना श्राइनही असंच आहे. कंट्रोलर तिरपा करून चक्रव्यूहातून चेंडू न्यायचा असतो. कंट्रोलर पूर्ण उलटा केला तर चक्रव्यूहाची सपाट पाठ वर येते. तिच्यावर चेंडू झेलायचा आणि हलक्या झटक्याने उतारावर टाकायचा.

ड्युएलिंग पीक्सवरच्या दोन जुळ्या श्राइनबद्दल, म्हणजे शी वेनाथ आणि शी व्हेनीर यांच्याबद्दल, एवढंच: दोन्हीकडे खळग्यांची चौकोनी जाळी आणि त्यात चेंडू आहेत. एकीकडची मांडणी हे दुसरीकडचं उत्तर. म्हणून कुठलाही चेंडू हलवण्याआधी दोन्हीकडे जाऊन स्विचच्या कॅप्चर बटणाने फोटो काढावा, तोही दारातून आत आल्यावर जिकडे तोंड असतं त्याच दिशेने. आधी चेंडू हलवले की दुसऱ्या श्राइनचं उत्तरच पुसलं जातं.

आता इव्हनटाइड. नकाशाच्या आग्नेय टोकाला, समुद्रात एकटं असलेलं हे बेट. पाय टेकताच हत्यारं, कपडे, खाणं, सगळं काढून घेतलं जातं. उरतात ते हार्ट, स्टॅमिना आणि शीका स्लेट या पाटीवरचे रून (रिमोट बॉम्बसारख्या शक्ती). तीन गोळे शोधून तीन चौथऱ्यांवर ठेवायचे, मग कोर्गू चिदे श्राइन वर येतं. बेटावर असताना सेव्ह करता येत नाही, आणि बेट सोडलं तर डाव मोडतो. सामान परत मिळतं, पण गोळे पुन्हा पहिल्या जागी.

पोचण्यासाठी केप केल्सच्या कड्यावरून पॅराग्लायडर उघडायचा. मुवो जीम श्राइन तिथेच आहे, ते आधी उघडून ठेवलं तर डाव मोडल्यावर परत यायला सोपं जातं. एका चाकावर निघायचं तर स्टॅमिना वाढवणारं पेय हातात हवं. दोन चाकं असली की शांतपणे उतरता येतं. दुसरा मार्ग तराफा आणि कोरोक लीफचा (वारा घालायचं मोठं पान). तो हळू आहे, पण त्यात दम संपून बुडण्याची भीती नाही. निघण्याआधी पिवळे हार्ट देणारं जेवण करून घ्यावं. झोळीतलं जेवण जातं, पोटातलं राहतं.

त्यासाठी सर्वांत चांगलं फळ हार्टी ड्युरियन. दिसायला आपल्या फणसाच्या जातकुळीचं. ते फॅरॉन टॉवरला लागूनच्या सड्यावर भरपूर मिळतं. एक शिजवलं तर सगळे हार्ट भरतात आणि वर चार पिवळे. पाच एकत्र शिजवली तर वर 20. मात्र एकूण मर्यादा 30 ची आहे. ज्यांचे खरे हार्ट 25 च्या पुढे गेलेत, त्यांनी पाचाऐवजी एक-दोन फळांतच भागवावं. हार्टी पदार्थात दुसऱ्या गुणाचं काही मिसळलं की दोन्ही गुण जातात, हे कायम लक्षात ठेवावं. भांड्यात टाकलेल्या पाच वस्तूंपैकी गुण देणाऱ्या सगळ्या एकाच गुणाच्या हव्यात.

बेटावर उतरल्यावर गोळ्यांमागे लगेच धावू नये. आधी किनारा पालथा घालावा: फांद्या, गंजकी हत्यारं, पेट्या, पाम फ्रूट. खरं हत्यार म्हणजे रिमोट बॉम्ब, कारण तो संपत नाही. गोल आणि चौकोनी बॉम्ब वेगवेगळे भरतात, म्हणून एक फुटला की लगेच दुसरा. साध्या बॉम्बचा मार 12, आणि लाल बोकोब्लिन या साध्या शत्रूचा जीव 13. म्हणजे एका बॉम्बने तो मरत नाही, एक जीव उरतो आणि तो उठून धावत येतो. नवीन खेळाडू इथेच फसतात. हाटेनोच्या प्रयोगशाळेत तीन एन्शंट शाफ्ट (जुन्या यंत्रांचे सुटे भाग) देऊन बॉम्ब सुधारला की मार 24 होतो आणि लाल बोकोब्लिन एकाच बॉम्बमध्ये जातो. ही सुधारणा इव्हनटाइडच्या आधीच करून घ्यावी. निळ्याचा जीव 72, त्याच्यासाठी मात्र समुद्र वापरावा. बॉम्बच्या धक्क्याने खोल पाण्यात गेलेला बोकोब्लिन बुडतो, मग जीव कितीही असो. म्हणून लढताना आपली पाठ डोंगराकडे आणि शत्रूची पाण्याकडे राहील असं उभं राहायचं.

एक गोळा हायनॉक्स या एकडोळ्या राक्षसाच्या गळ्यात आहे. त्याला मारायची गरज नाही. तो झोपलेला असताना दबकत जाऊन त्याच्या पंजावर उभं राहायचं. थोड्या वेळाने तो अंग खाजवायला हात उचलतो आणि आपण आपोआप त्याच्या छातीवर पोचतो. मग गोळा काढून खाली उतरायचं. घाईने पळालं तर तो उठतो. उठलाच तर डोळ्यात बाण मारायचा. तो डोळा धरून बसतो, तेवढ्यात लांब जाता येतं. गोळा हातात असताना चढता येत नाही आणि ग्लायडरही उघडत नाही. त्यामुळे वाट आधी रिकामी करून, चढ टाळून, मगच गोळा उचलावा.

वीज जाण्याचा हिशेब इथेच करून टाकू. इव्हनटाइड आणि ट्रायल या दोन्ही जागी सेव्ह नाही, आणि आषाढात लाईटचा भरवसा नाही. 2017 च्या पहिल्या स्विचवर हा खेळ बॅटरीवर सुमारे 3 तास चालतो, 2019 च्या सुधारित मॉडेलवर सुमारे साडेपाच तास. टीव्ही बंद पडला तरी यंत्र बॅटरीवर चालू राहतं. डॉकमधून काढून हातात घेतलं की खेळ तिथूनच पुढे. म्हणून या दोन जागी पूर्ण चार्ज असल्याशिवाय शिरू नये. स्विचसाठी हवेतली आर्द्रता 20 ते 80 टक्के असावी असं निर्मात्यांचं म्हणणं आहे. आपल्याकडे पावसाळ्यात ती सहज त्याच्या वर जाते. खेळून झालं की यंत्र थंड होऊ द्यावं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावं. रंग बदलणाऱ्या पुड्या घेतल्या तर कधी वाळवायच्या ते कळतं. खाडीकाठच्या घरांत खिडकीजवळ डॉक ठेवू नये, खारी हवा चार्जिंगच्या तोंडात गंज धरते.

ट्रायलच्या आधी दोन सराव हवेत. पहिला गार्डियन या लढाऊ यंत्राचा किरण ढालीने परतवण्याचा. ग्रेट प्लॅटोवर ईस्टर्न ॲबीजवळ न हलणारे मोडके गार्डियन आहेत, तिथे शिकावं. ढाल कुठलीही चालते, अगदी पॉट लिड (भांड्याचं झाकण) सुद्धा. डोळ्यातून लखलख झाली की ए दाबायचं. लाल रेघ अंगावर आली म्हणून दाबलं तर फार लवकर होतं. मोडका एका परतीत जातो, चालणाऱ्याला साधारण तीन लागतात. दुसरा सराव लायनेल या चारपायी राक्षसाचा. तोंडावर बाण मारला की तो गुडघे टेकतो, तेव्हा पाठीवर चढायचं. पाठीवरून मारलेल्या घावांनी हत्यार झिजत नाही. म्हणून चढताच सर्वांत जबर हत्यार हातात घ्यायचं आणि खाली उतरलं की बदलायचं. लाल लायनेलचा जीव 2000, निळ्याचा 3000, पांढऱ्याचा 4000, चंदेरीचा 5000. सराव लालवरच करावा. झोराज डोमेनजवळच्या प्लॉयमस डोंगरावर एक आहे.

ट्रायल ऑफ द स्वोर्ड 30 जून 2017 ला आलेल्या विस्तारात आहे, तो नसेल तर हा भाग सोडावा. तीन टप्पे: 12, 16 आणि 23 मजले. दर टप्प्याला तलवारीचा मार कायमचा 10 ने वाढतो, 30 वरून शेवटी 60. आत सामान नाही, चॅम्पियनच्या शक्ती (डिव्हाइन बीस्ट सोडवल्यावर मिळणाऱ्या) नाहीत, आणि मेलं की टप्पा पहिल्यापासून. पण जेवणाचा गुण आत सोबत येतो, आणि हीच सगळ्या तयारीची किल्ली. चार मायटी बनाना आणि फारोश या विजेच्या ड्रॅगनच्या शिंगाचा एक तुकडा एकत्र शिजवला की तिसऱ्या पातळीचा ॲटॅक 30 मिनिटं टिकतो. शिंगाच्या तुकड्यासाठी फ्लोरिया तळ्याकडे फारोश वर येतो त्या वेळी थांबावं आणि बाण शिंगालाच मारावा. अंगावर लागला तर खवला मिळतो. त्याच्याभोवतीचे विजेचे गोळे चुकवायचे, आणि धातू इथेही उतरवायचा.

जेवणाचा क्रम असा: आधी ड्युरियन, मग केळी. पिवळे हार्ट आणि वेळेचा गुण एकत्र राहतात, पण वेळेचे दोन गुण राहत नाहीत, नवा जुन्याला घालवतो. आत विश्रांतीच्या मजल्यांवर शिजवायची सोय आहे. तिथे फक्त हार्ट भरणारं साधं जेवण करावं. ॲटॅक चालू असताना थंडीचा किंवा वेगाचा पदार्थ खाल्ला की 30 मिनिटांची तयारी वाया गेली. हत्यार मोडकळीला आल्याची सूचना आली की ते फेकून मारावं, शेवटच्या घावाला दुप्पट मार बसतो. खालच्या मजल्यांवर बॉम्ब आणि पाणी वापरून चांगली हत्यारं राखावीत. मजला रिकामा झाला तरी पेट्या फोडल्याशिवाय आणि पडलेले बाण वेचल्याशिवाय वर जाऊ नये.

पहिला टप्पा झाला आहे, तलवार 40 वर. दुसऱ्यासाठी शिंगाचे आणखी तुकडे आणि बाण लागतील. त्याआधी नाबोरिस उरकायचं आहे, म्हणजे गेरुडो वाळवंटासाठी शॉक अडवणारा पोशाख गोळा करणं आलं. ज्यांच्याकडे रबराचा पूर्ण संच आहे त्यांनी तो किती पातळीपर्यंत वाढवला आणि नाबोरिसमधल्या थंडरब्लाइट या शत्रूशी लढाईच्या दुसऱ्या भागात पुरला का, तेवढं कळवावं.