हवाई अंतर

दुपारची जेवणं झाली होती. भाचा सतरंजीवर पालथा पडून मोबाइल चाळत होता. मध्येच म्हणाला, "मावशी, उजळाईवाडी ते चिपी, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळापासून वेंगुर्ल्याकडच्या विमानतळापर्यंत, किती लांब असेल?"

"सकाळची एसटी धरली तर आजीकडचं जेवण गार होतं, एवढं."

"तसं नाही गं. हवाई अंतर. सुमारे ११० किलोमीटर. विमानाला चाळीसेक मिनिटं."

ती चाळीस कशी, हेही त्यानंच सांगितलं. ताशी ५०० किलोमीटरनं जाणारं छोटं एटीआर विमान धरलं तर खरं उडणं तेरा मिनिटांचं. उरलेला अर्धा तास धावपट्टीवर रांगणं, वर चढणं, खाली उतरणं यासाठी मोबाइलवरचं गणित सरसकट मिळवतं. म्हणजे शेजारी जाऊन येण्यापेक्षा चपला शोधण्यातच वेळ जास्त. बरं, असं विमान कुणी सोडलेलंही नाही. पण भाच्याला त्याचं काय!

मी आपला जुना नकाशा काढला आणि पट्टी ठेवली. (मोबाइलवरच्या रेघेवर माझा विश्वास नाही.) कोल्हापूरचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९चा, चिपीचा २०२१चा. आजोबा आणि नातवंड. दोघांमधली रेघ राधानगरीवरून, दाजीपूरच्या गव्यांच्या डोक्यावरून थेट खाली उतरली. गगनबावडा राहिला वीसेक किलोमीटर बाजूला.

तिथंच माझं बिनसलं.

आमचा आजीकडे, वेंगुर्ल्याला जायचा रस्ता गगनबावड्यावरून. आई पिशवीत लिंबू आणि आलेपाक घेऊन बसायची, मला खिडकी द्यायची. लाडानं नव्हे, बाकीच्यांच्या कपड्यांच्या काळजीनं. बावड्याला गाडी थांबली की बाबा खाली उतरून चहा प्यायचे आणि कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय वर यायचे नाहीत. आईचा जीव दर वेळी अर्धा व्हायचा.

मग करूळचा घाट. तिसऱ्या-चौथ्या वळणाला कानात दडे बसायचे. इंजिनाचा आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून आल्यासारखा. आईचे ओठ हलताना दिसायचे, बहुधा "आवंढा गिळ" म्हणत असावी. मी मुद्दाम गिळायची नाही. खाली हवा जड होत जायची, मानेला घाम फुटायचा, धुक्याचा वास जाऊन ओल्या पाचोळ्याचा यायचा, आणि हे सगळं मुक्यानं.

वैभववाडीच्या स्टँडवर गाडी वळायची. एक जांभई, आणि कान टचकन उघडायचे. बाहेर कुणीतरी ओरडत असायचं, "गे, सरक मगे थोडा!" घाटावर कानात शिरलेलं शेवटचं वाक्य कोल्हापुरी असायचं, खाली पहिलं ऐकलेलं हे मालवणी. मधल्या घाटात भाषा कुठं बदलली, ते मला कधीच कळलं नाही. पुढं तळेरे, कणकवली, कुडाळ. त्यातलं फारसं आठवत नाही, झोपलेली असायची.

आजी अंगणातूनच विचारायची, "इलंस गो बाय?" ते मात्र स्पष्ट ऐकू यायचं.

"मावशी, सुरू झालं तर जाशील का विमानानं?"

"विमानातही दडे बसतात ना रे?"

"बसतात की. पण गोळी चघळली की सुटतात."

"लिमलेटची?"

त्यानं मान वर केली नाही. तो एव्हाना जळगाव ते नांदेड मोजत होता.