तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांच्या भाषेतलं नाटक मी कसं बसवते?

सोलापूरला आले की हा प्रश्न ठरलेला. हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग बघायला गेले तरी आणि पूर्व भागातल्या जुन्या शेजाऱ्यांकडे चहाला बसले तरी. "काय ओ ताई, नट जर्मन, नाटक जर्मन, बघणारेपण जर्मन. मग तुम्ही तिथं जाऊन काय बसवता? त्यांची भाषा तुम्हाला येऊन येऊन किती येणार?"

तुम्ही मनापासून विचारता, म्हणून नीट सांगते. भाषा शिकावीच लागते, त्याला पळवाट नाही. तिथल्या नाट्यगृहांत तालीम बहुतेक सकाळी दहा ते दोन आणि पुन्हा संध्याकाळी सहा ते दहा. नट एकेका ओळीवर वाद घालतात आणि तो त्यांच्याच भाषेत झेलावा लागतो. संहितेची काटछाट करायला, संदर्भ शोधायला ड्रामाटुर्ग सोबत असतो, पण तालमीत तो तुमच्या वतीनं बोलत नाही.

तरी माझा कान तयार झाला तो सोलापुरातच. आमच्या घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात कन्नड आणि उर्दू. त्यात यंत्रमागांचा खडखडाट, म्हणजे अर्धे शब्द ऐकूच यायचे नाहीत. तेलुगूतलं भांडण मला शब्दाशब्दानं कळत नव्हतं, पण पगाराची उचल मागणारा कुठं अडखळला आणि देणारा कुठं खोटं बोलला, हे बरोबर कळायचं. दिग्दर्शकाला याहून मोठी शिदोरी कुठली?

तालमीतलंच सांगते. जर्मनमध्ये लांब वाक्याच्या पोटातलं क्रियापद बऱ्याचदा पार शेवटी येतं. दमलेला नट त्याच्या आधीच आवाज सोडतो आणि वाक्य जमिनीवर पडतं. मराठीतही क्रियापद शेवटीच, त्यामुळे ते पडणं मला लगेच खुपतं. मी थांबवते, म्हणते, श्वास शेवटपर्यंत ठेव. तो पुन्हा म्हणतो आणि समोरचा नट पहिल्यांदाच मान वर करून बघतो. एवढ्यानं प्रसंग उभा राहतो. माझं व्याकरण आजही चुकतं, हे मात्र चुकत नाही.

आणि ही वाट माझ्या आधीच्यांनी मळलेली आहे. जर्मनीतल्या वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ 1970 पासून भारतात येत राहिले. विजयाबाई मेहतांच्या जोडीनं त्यांनी जर्मन नाटककार ब्रेख्तचं 'अजब न्याय वर्तुळाचा' मराठीत उभं केलं. मग बाई तिकडे गेल्या आणि जर्मन नटांना घेऊन त्यांनी संस्कृत नाटकं बसवली. 1980 मध्ये लाइपझिगला 'शाकुंतल' केलं. त्याच वर्षी 'घाशीराम कोतवाल' युरोपच्या दौऱ्यावर गेलं, मराठीतच. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल सोलापूरच्या शाळेत शिकलेले. त्या नाटकात ब्राह्मण झालेल्या नटांची रांगच भिंत होते; ती हलते, फुटते, पुन्हा जुळते, त्याला कुठल्या भाषेची गरज? मला या सगळ्यांचा फार आधार वाटतो.

तिथल्या व्यवस्थेतली एक गोष्ट मात्र आपल्याकडे यावी असं कळकळीनं वाटतं. तालमी सुरू होण्याच्या कितीतरी आधी, खऱ्या रंगमंचावर, लाकडी पट्ट्या आणि कापड लावून नेपथ्याचा कच्चा सांगाडा उभा करतात. दिग्दर्शक शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीत बसून बघतो: दार दिसतं का, जिन्यावरच्या नटाचं डोकं कापलं जातं का. मगच ते काम सुतारांकडे जातं. राज्य नाट्य स्पर्धेला आपली पोरं प्रयोगाच्याच दिवशी सेट लावतात आणि दाराची अडचण पहिल्या अंकात कळते. हुशारीत ती कुठंच कमी नाहीत. त्यांना रंगमंच आधी मिळत नाही, एवढंच.

पैशाचंही विचारता. पाहुण्या दिग्दर्शकाला एका नाटकाचे ठरलेले पैसे मिळतात, तालमी साधारण सहा ते आठ आठवडे. पहिला प्रयोग झाला की तो निघतो आणि पुढचे प्रयोग सहायक सांभाळतो. दोन कामांच्या मधला काळ ज्याचा त्यानं काढायचा.

तुमच्यापैकी कुणाला यायचंच असेल, तर सहायक म्हणूनच सुरुवात करा. पण त्याआधी राज्य नाट्य स्पर्धेच्या सोलापूर केंद्रावर एक तरी नाटक स्वतः बसवा आणि हालचाली, प्रकाशाच्या खुणा लिहिलेली त्याची प्रत जपून ठेवा. मला भेटायला याल तेव्हा ती घेऊन या, मी आधी तीच बघेन.