तुम्ही विचारलंत म्हणून: हेवी लायसन्ससाठी कर्ज काढावं का?

बचत गटाची बैठक संपली, पेटीला कुलूप लागलं, की चपला घालता घालता कुणीतरी मला थांबवतंच. "ताई, पोराला हेवी गाडीचा कोर्स करायचाय. 60 हजार मागतायत. कर्ज काढू का?" मी कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ड्रायव्हरांचे हिशेब बघते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. यंदा चौथ्यांदा आला, तेव्हा म्हटलं लिहूनच काढावं.

पोराने ड्रायव्हर व्हावं की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. न्हावा शेव्याचं बंदर 1989 साली सुरू झालं, तेव्हापासून उरण-पनवेलकडची कितीतरी घरं या गाड्यांवर उभी राहिली. चांगल्या ड्रायव्हरला आजही मालक स्वतः फोन करून बोलावतात. गोची वेगळीच आहे. हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो आणि ड्रायव्हरचा पगार मात्र वर्ष-दीड वर्षाने.

लायसन्स हातात पडलं म्हणून कुणी मालक 40 फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर नव्या पोराच्या हाती देत नाही. आमचे शेठही देत नाहीत आणि ते बरोबरच करतात. पोरगा आधी क्लीनर म्हणून चढतो. गाडी मागे घेताना खाली उतरून "येऊ द्या, येऊ द्या" करतो, रात्री टायर ठोकून बघतो. उस्तादाचा विश्वास बसला की यार्डाच्या रांगेत गाडी चार पावलं पुढे घ्यायला मिळते. या काळात आमच्याकडे त्याला 12,000 मिळतात. हप्ता त्यातून जाणार आहे, हे आईने आधी कागदावर लिहावं.

पुढच्या पगाराचंही नीट विचारा. क्लासवाले 28,000 सांगतात. आमच्या वहीत त्यातले 17,000 पगार असतो, बाकीचा भत्ता, तोही खेपेमागे. बंदरावर रांग लागली, किंवा ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी म्हणून गाडी कडेला उभी राहिली, की खेपा कमी आणि भत्ताही कमी. महिनाअखेर ड्रायव्हर माझ्या टेबलावर रबर लावलेलं चिठ्ठ्यांचं पुडकं ठेवतो. पंक्चर, वजनकाटा, पार्किंग. घामाने शाई पसरलेली असते, मी त्यालाच आकडे वाचायला लावते. एखाद-दुसरी चिठ्ठी हरवलेली असतेच, ते पैसे त्याच्याच खिशातून गेले. शिवाय बाहेरचं जेवण, अंघोळीचे पैसे, मध्ये घेतलेली उचल. घरी पोचणारी रक्कम बघून बायको विचारते, "एवढेच?" हा प्रश्न मी फोनच्या या टोकाला बसून अनेकदा ऐकलाय.

आता कर्जाचं. क्लासमार्फत मिळणारं कर्ज "फक्त 12 टक्के" असतं आणि आपल्या गटाचं महिन्याला 2 टक्के, म्हणजे वर्षाचे 24. ऐकूनच बायका क्लासकडे वळतात. पण ते 12 टक्के फ्लॅट आहेत. 60,000 वर दोन वर्षांचं व्याज 14,400, हप्ता 3,100. तुम्ही मुद्दल फेडत जाता, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण 60,000 वरच लागतं. गटात उरलेल्या रकमेवर व्याज असतं. महिन्याला 2,500 मुद्दल फेडलं तर दोन वर्षांचं व्याज होतं 15,000. फरक अवघा 600 रुपयांचा! आणि ते 15,000 आपल्याच पेटीत परत येतात.

हे मी शिकले ते घरातूनच. 2015 साली माझ्या धाकट्या भावासाठी आईने पाटल्या गहाण ठेवल्या. क्लासने नोकरीची हमी दिली होती. कोर्स संपल्यावर ती हमी म्हणजे एक फोन नंबर निघाला, तोही कुणी उचलेना. पाच महिने तो घरी बसला. आई देवळात जाताना हातावर पदर ओढून घ्यायची, बांगड्या दिसू नयेत म्हणून नव्हे, पाटल्या नाहीत हे दिसू नये म्हणून. पाटल्या सुटायला दोन वर्षं लागली. भाऊ आज उत्तम ट्रेलर चालवतो. त्याची निवड चुकली नव्हती, कर्ज मात्र त्याच्या तेव्हाच्या कमाईला झेपणारं नव्हतं.

म्हणून आता मी विचारते, पोराचं साधं फोर व्हीलरचं लायसन्स आहे का? कारण त्याला एक वर्ष झाल्याशिवाय आणि वयाची 20 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय हेवी मालवाहू गाडीचं लर्निंग लायसन्ससुद्धा निघत नाही. ते वर्ष फुकट घालवू नका. 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या लायसन्सवर चालवता येते, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये हे पक्कं केलंय. वर्षभर टेम्पो चालवू दे, हात बसेल आणि चार पैसे गाठीला लागतील. मग आरटीओचा परवाना असलेल्या मोटार ट्रेनिंग स्कूलमधून हेवी काढा. पुढे तळोज्याच्या केमिकलच्या टँकरवर जायचं असेल तर धोकादायक मालाचं तीन दिवसांचं ट्रेनिंग वेगळं असतं. ते मात्र जरूर करा.

रोडपालीच्या वहिनींनी 60,000 चा फॉर्म परत केला. त्यांचा मुलगा सध्या छोटा हत्ती टेम्पो चालवतो, पहाटे तीनला वाशीच्या एपीएमसीतून कांदा उचलतो आणि सातपर्यंत पनवेलला उतरवतो. मार्चमध्ये त्याच्या लायसन्सला वर्ष होईल. एका ट्रेनिंग स्कूलने हेवीचे सगळे मिळून 16,000 सांगितलेत. त्यातले 9,000 त्याने स्वतः जमवलेत, उरलेल्या 7,000 चा अर्ज मागच्या बैठकीत आमच्या पेटीत पडला. पहिली सही मी केली.